वाटशोध: भूलभुलैया छापण्याचा मुक्त प्रोग्राम, प्रकल्प नोंदी (फोंडा, जून ते ऑगस्ट २०२५)

८ जून २०२५

काम असे: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी मराठी प्राथमिक शाळा आणि गावची वाचनालये यांना देता येतील असे ‘वाट शोधा’चे कागद तयार करणारा प्रोग्राम. रुंदी, उंची, घराचे माप आणि बीज (यदृच्छ निवडी जिथून सुरू होतात तो आकडा) दिले की पीडीएफ मिळावी. तेच बीज पुन्हा दिले की तीच भूलभुलैया यावी, म्हणजे उत्तराचा कागद वेगळा जपून ठेवावा लागणार नाही.

छपाई कुठे होणार हे आधी ठरवले. शाळेच्या ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर एक प्रत निघेल आणि उरलेल्या तिठ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. म्हणून कागद ए४, रंग एकच काळा, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येसुद्धा भिंत तुटता कामा नये. पद्धत कोणती वापरायची यावर वाद घालायला पुष्कळ वेळ आहे. कागद मात्र आताच पक्का हवा, कारण पुढची सगळी मापे त्यातूनच निघतात.

नोंदींतले शब्द: जाळीतला एक चौकोन म्हणजे घर, दोन घरांमधली रेघ म्हणजे भिंत, तीन किंवा जास्त वाटा फुटतात ते घर म्हणजे तिठा, आणि एकाच बाजूने उघडे घर म्हणजे बंद बोळ.

११ जून

मापे. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. चारी बाजूंनी १५ मिमी समास. लेझर प्रिंटर कडेचे साधारण सव्वाचार मिमी छापतच नाही, आणि झेरॉक्सच्या काचेवर कागद किंचित तिरका बसला की आणखी थोडे जाते. म्हणून १० मिमीवर भागवू नये. रुंदीत १८० मिमी उरतात. उंचीत शीर्षक आणि सूचनेला २२ मिमी, तळटीपेला ८ मिमी सोडले की २३७ मिमी.

यात तीन पायऱ्या बसतात. पहिली-दुसरीसाठी १२ मिमीचे घर: १५ × १९, म्हणजे २८५ घरे. तिसरी-चौथीसाठी ९ मिमी: २० × २६, म्हणजे ५२०. त्यावरच्यांसाठी ६ मिमी: ३० × ३९, म्हणजे १,१७०. सहाच्या खाली गेल्यास पेन्सिलीची रेघ भिंतीला घासत जाते आणि खोडरबर फिरवला की भिंतही पुसट होते. पाच मिमीचे घर पडद्यावर छान दिसते, तेवढ्यासाठी ठेवू नये.

भिंतीची जाडी घराच्या एक दशांशाजवळ: १२ ला १.२, ९ ला १.० (०.९ न ठेवता), ६ ला ०.६ मिमी. ०.५ च्या खाली कधीच नाही. टोनर बचतीवर लावलेला प्रिंटर बारीक रेघ करडी काढतो आणि पुढच्या झेरॉक्समध्ये ती तुटक होते. भिंतीला पडलेले भोक म्हणजे मुलासाठी दार. कोड्याचे उत्तरच बदलते.

१५ जून

पद्धती. सध्याच्या कामाला ‘पूर्ण’ भूलभुलैया हवी: कोणत्याही दोन घरांमध्ये नेमकी एकच वाट, गोल फेरा कुठेही नाही. गणिताच्या भाषेत जाळीचा व्यापक वृक्ष. घरे ‘न’ असतील तर उघडलेल्या भिंती नेमक्या ‘न वजा १’. २० × २६ मध्ये आतल्या भिंती ९९४, त्यांतल्या ५१९ उघडतात, ४७५ राहतात. बाहेरच्या चौकटीचे ९२ तुकडे, त्यांतले दोन प्रवेश आणि निर्गमासाठी काढायचे.

प्रत्येक कागदावर तपासणीही याच आकड्यांनी होते. उघडलेल्या भिंती न−१ आहेत का, आणि प्रवेशापासून पाणी सोडल्यासारखे पसरत गेल्यास सगळ्या घरांत पोचता येते का. दोन्ही तपासण्या लागतात. नुसता आकडा जुळला तरी एका कोपऱ्यात फेरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोंडलेले घर असे असू शकते.

तीन पद्धती घातल्या. ‘खोल’: एका घरातून निघून न पाहिलेल्या शेजाऱ्याकडे जात राहायचे, अडले की मागे यायचे. लांब, वळणावळणाच्या वाटा येतात आणि बंद बोळ कमी, घरांच्या साधारण दहात एक. ‘प्रिम’: तयार भागाच्या कडेवरचे कुठलेही घर यदृच्छेने जोडायचे. बंद बोळ दहात तीनच्या वर जातात, पण बहुतेक एक-दोन घरांचे, नजरेलाच कळतात. ‘विल्सन’: १९९६ मध्ये डेव्हिड विल्सन यांनी मांडलेली, भटकत जायचे आणि वाटेत झालेला फेरा पुसून टाकायचा. शक्य असलेल्या प्रत्येक भूलभुलैयेला हिच्यात सारखीच संधी मिळते; बंद बोळ दहात तीनच्या जरा खाली.

द्विशाखी पद्धत (प्रत्येक घरातून फक्त वर किंवा उजवीकडे उघडायचे) चार ओळींत लिहून होते, म्हणून सगळ्या धड्यांत पहिली येते. ती घेतलेली नाही. वरची पूर्ण ओळ आणि उजवा पूर्ण स्तंभ मोकळे राहतात, आणि दुसऱ्या कागदावर मुले ते ओळखतात.

१८ जून

‘खोल’ पद्धत स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनने लिहिली तर पायथन (प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला ती) साधारण १,००० पातळ्यांवर थांबवतो. ५२० घरांत ती मर्यादा गाठणे शक्यच नाही, कारण खोली घरांच्या संख्येपेक्षा जास्त होत नाही. १,१७० घरांत ते क्वचित एखाद्या बीजावर घडेल. ए३ वर ६ मिमीची ४४ × ६० जाळी घेतली की घरे २,६४० होतात आणि प्रोग्राम कोसळायला लागतो. म्हणजे ए४ वर तपासून ‘चालते’ म्हटलेली गोष्ट ए३ वर पडते, आणि तीही बीजाबीजाने वेगवेगळी. मर्यादा वाढवणे हा उपाय नव्हे, तिथे मग अशा बोलावण्यांसाठी राखलेली स्मृती (स्टॅक) संपून प्रोग्राम काही न सांगता बंद पडू शकतो. स्वतःची यादी ठेवावी: पुढे जाताना घर यादीच्या शेवटी टाकायचे, अडले की शेवटचे काढायचे. ओळी दोनच वाढतात.

२४ जून

बीज. पायथनच्या यादृच्छिक मॉड्यूलमध्ये एका बीजाला आवृत्ती बदलली तरी तोच क्रम मिळेल ही हमी फक्त शून्य ते एकमधला दशांश देणाऱ्या मूळ फंक्शनपुरती आहे. यादीतून एक निवडणे, यादी पिसणे यांची आतली रीत पूर्वी बदललेली आहे. शाळेच्या जुन्या संगणकावरचा पायथन आणि घरचा नवा पायथन यांनी एकाच बीजाला वेगळे कागद दिले तर उत्तरपत्रिका निरुपयोगी.

शिवाय ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही करायची आहे आणि जावास्क्रिप्टच्या तयार यदृच्छ फंक्शनला बीज देताच येत नाही. म्हणून दोन्हीकडे यदृच्छ आकडे देणारा स्वतःचा छोटा जनक: जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ मध्ये मांडलेला ३२ बिटांचा झॉरशिफ्ट. आकड्याचे बिट डावीकडे १३, उजवीकडे १७, डावीकडे ५ असे सरकवायचे, दर वेळी सरकवण्याआधीच्या आकड्याशी झॉर (बिट वेगळे तर १, सारखे तर ०). पायथनमध्ये पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही, म्हणून प्रत्येक डाव्या सरकीनंतर ३२ बिटांपुरते कापावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये उलटे, आकडा ऋण होतो, म्हणून शेवटी चिन्हविरहित सरक द्यावी लागते.

दोन खाचखळगे. बीज शून्य दिले तर बाहेर कायम शून्यच येते, म्हणून शून्य नाकारले. दुसरे कमी दिसणारे: लहान बीजांची सुरुवात एकमेकांशी बांधलेली असते. बीज १ चा पहिला आकडा २,७०,३६९, बीज २ चा ५,४०,७३८, बरोबर दुप्पट. चारने भागून दिशा काढली तर पाठोपाठच्या बीजांचे पहिले काही निर्णय एका साच्यातले येतात, आणि माणसे तर १, २, ३ अशीच बीजे देतात. पहिले २० आकडे टाकून द्यायचे ठरले.

देवनागरी अंक: पायथनला ‘१२०७’ असे मराठी अंकांत लिहिलेले बीज पूर्णांकात बदलता येते, वेगळे काही करावे लागत नाही. जावास्क्रिप्टला येत नाही, तिथे अंक बदलून घेणारी एक ओळ घातली. बीज मजकूर म्हणून तसेच पुढे पाठवू नये. मराठी अंकांतले आणि इंग्रजी अंकांतले १२०७ मग दोन वेगळी बीजे होतात.

२ जुलै

रेघा. पहिली आवृत्ती चित्रबिंदूंवर होती, ती काढून टाकली. कारण साधे आहे: ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ बिंदू) ६ मिमीचे घर २२.६८ बिंदूंचे येते. २३ धरले की ३० घरे ६९० बिंदू, म्हणजे १८२.६ मिमी, आणि उजवी चौकट समासात घुसते. २२ धरले तर जाळी आखडते. एक घर २२, एक २३ केले तर भिंती जाडबारीक दिसतात. सदिश (बिंदूंऐवजी मापांनी सांगितलेल्या) रेघांत हा प्रश्नच उरत नाही. चित्र कैरो लायब्ररीने थेट पीडीएफमध्ये काढायचे. तिचे एकक पॉइंट, १ मिमी म्हणजे २.८३५ पॉइंट.

प्रत्येक भिंतीचा सुटा तुकडा काढल्यास दोन गोष्टी होतात. पडद्यावर सांध्यांत केसाएवढी पांढरी फट दिसते (छपाईत नसते, पण बघणारा घाबरतो), आणि कोपऱ्यात खाच पडते, कारण रेघेचे टोक मुळात सपाट कापलेले असते. एका ओळीतले सलग तुकडे जोडून एकच रेघ करावी आणि टोक चौकोनी ठेवावे. चौकोनी टोक रेघेच्या अर्ध्या जाडीने पुढे सरकते, ९ मिमीच्या घरात अर्धा मिमी. वाट अडत नाही, कोपरा भरतो.

रेघेची जाडी चुकूनही शून्य देऊ नये. पीडीएफमध्ये शून्य म्हणजे ‘यंत्राला जमेल तितकी बारीक’. पडद्यावर ती व्यवस्थित दिसते, ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर जवळजवळ नाहीशी होते.

६ जुलै

छपाईतला सर्वांत नेहमीचा घोटाळा: ‘पानावर बसवा’. पीडीएफ दाखवणारे बरेच प्रोग्राम छापताना पान आपोआप थोडे लहान करतात. कागद अमेरिकी लेटर मापावर लावलेला असेल तर २९७ ची उंची २७९.४ मध्ये बसवण्यासाठी ९४ टक्क्यांवर येते. एकट्या ए४ कागदाला त्याने फारसे बिघडत नाही. ६ मिमीचे घर ५.६ होते, एवढेच. पण चार ए४ जोडून भिंतीवर लावायचा मोठा कागद केला की सांधे जुळत नाहीत.

पीडीएफमध्ये ‘छापताना माप बदलू नका’ अशी खूण घालता येते, ती घातली. काही प्रोग्राम ती मानतात, ब्राउझरमधले दर्शक मानतीलच असे नाही. म्हणून तळटीपेच्या वर १०० मिमीची मोजपट्टी छापली जाते. फूटपट्टी लावून ती ९७ भरली तर प्रिंटच्या खिडकीत ‘मूळ माप’ किंवा ‘१०० टक्के’ निवडावे आणि कागद ए४ आहे का पाहावे.

चार कागदांच्या जोडणीत पानाची कड भिंतीवर येऊ देऊ नये. भिंत अर्धी एका कागदावर, अर्धी दुसऱ्यावर जाते आणि कापताना एका बाजूची नाहीशी होते. कड घराच्या मधोमध पाडावी, १० मिमी आच्छादन ठेवावे, कापायच्या खुणा बाहेरच्या समासात द्याव्या.

ब्राउझर आवृत्तीत भिंती एसव्हीजीच्या (ब्राउझरमधल्या सदिश चित्रांच्या) रेघांनीच काढाव्या. पार्श्वरंग भरलेल्या चौकटी वापरल्या तर ब्राउझर छापताना मुळात पार्श्वभूमी वगळतो आणि कोरा कागद बाहेर येतो. पानाचे माप शैलीपत्रात ए४ असे स्पष्ट द्यावे आणि ब्राउझरची वरखालची तारीख-पत्त्याची पट्टी बंद करायची सूचना बटणाशेजारीच लिहावी.

१३ जुलै

मराठी मजकूर. शीर्षक ‘उंदराला नेवऱ्यांपर्यंत पोचवा’ (नेवऱ्या म्हणजे करंज्या). कैरोची साधी मजकूर-आज्ञा अक्षरे फक्त ओळीने मांडते, जोडत नाही: पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. मजकूर मांडणाऱ्या पँगो लायब्ररीमार्फत मजकूर द्यावा, ती आत हार्फबझ ही अक्षरजोडणीची लायब्ररी वापरते. भाषा मराठी असल्याचेही सांगावे, म्हणजे ज्या टंकात (फॉन्टमध्ये) मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यात तेच येतात, हिंदी वळणाचे नाही.

‘नेवऱ्या’मधला ऱ्य वेगळा तपासला. काही कळफलक तो नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, काही र, हलन्त आणि शून्यरुंदी जोडक या तिकडीने. फाइलचे नाव साफ करणारे फंक्शन अदृश्य अक्षरे काढून टाकत होते आणि तेच फंक्शन शीर्षकालाही लावलेले होते. जोडक गेला की डोळ्याच्या पापणीसारखा ऱ्य जाऊन रफार येतो, ‘नेवर्या’. आता शीर्षकाला हात लावला जात नाही, फक्त फाइलच्या नावाला लावला जातो.

टंक पीडीएफमध्ये अंतर्भूतच हवा. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात तो असेल या भरवशावर राहू नये. मुक्त, ओएफएल (टंकांसाठीच्या मुक्त) परवान्याचा ‘मुक्ता’ हा टंक ठेवला आहे. नोटो सान्स देवनागरीही चालतो.

विंडोजवर शीर्षकांची फाइल वाचताना एन्कोडिंग (अक्षरे साठवायची रीत) यूटीएफ-८ असे लिहूनच द्यावे. न दिल्यास पायथन तिथले स्थानिक एन्कोडिंग धरू शकतो आणि मराठीचा कचरा होतो.

१९ जुलै

काठिण्य. इथे वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

घरांची संख्या म्हणजे काठिण्य नव्हे. उत्तराची लांबी हाही अपुरा निकष. ‘खोल’ पद्धतीत २० × २६ च्या जाळीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे उत्तर कमीत कमी ४५ घरांचे असते, प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट-चौपटही येते. पण त्या लांब वाटेवर तिठे कमी असतील तर मूल नुसते पेन्सिल ओढत जाते. उलट ‘प्रिम’मध्ये दर दोन घरांवर तिठा आणि प्रत्येक चुकीचा बोळ एका घरात संपणारा, फाटे खूप, पण फसवत कोणी नाही.

फसवतो तो चुकीच्या फाट्याचा लांब पल्ला. म्हणून मोजणी अशी: उत्तराची वाट काढायची, ती बाजूला ठेवायची, तिला लटकलेल्या प्रत्येक फांदीची सर्वांत खोल टोकापर्यंतची लांबी घ्यायची. तीन आकडे ठेवले: उत्तराची लांबी, उत्तरावरचे तिठे, आणि सर्वांत लांब चुकीची फांदी. पहिली-दुसरीसाठी उत्तर ६० ते ९० घरे, चुकीची फांदी जास्तीत जास्त १२. तिसरी-चौथीला उत्तर ११० ते १७०, फांदी ३० पर्यंत. सहा मिमीच्या कागदाला फांदीवर वरची मर्यादा नाही, खालची आहे: निदान एक फांदी ६० च्या वर हवी, नाहीतर मोठी जाळी असूनही कागद भोळा निघतो.

प्रोग्राम दिलेल्या बीजापासून पुढे एकेक बीज तपासत जातो आणि अटीत बसणारे पहिले घेतो. कागदावर मात्र प्रत्यक्ष वापरलेले बीज छापतो. पहिलीच्या अटी ‘खोल’ पद्धतीत फार थोड्या बीजांना जमतात, लांब फांद्या तिच्या स्वभावातच आहेत. तिथे मिश्र पद्धत वापरली: पुढचे घर निवडताना यादीतले शेवटचे घ्यायचे की यदृच्छेने कुठलेही, हे ठरवणारे एक प्रमाण. शेवटचेच घेत गेल्यास ‘खोल’, कुठलेही घेत गेल्यास प्रिमच्या जवळ. निम्मे-निम्मे ठेवले की लहान मुलांचे कागद पटापट मिळतात.

आणखी एक गाळणी: उत्तर एक तृतीयांशाहून जास्त बाहेरच्या चौकटीला चिकटून जात असेल तर ते बीज सोडून द्यायचे. भिंतीला एक हात लावून चालण्याची युक्ती पूर्ण भूलभुलैयेत नेहमीच लागू पडते, ती काही बंद करता येत नाही. निदान कडेकडेने बक्षीस तरी देऊ नये.

२७ जुलै

आकार. तुळशीवृंदावन, समई, काजू असे आकार साध्या मजकूर फाइलमधून: घर असेल तिथे ‘०’, नसेल तिथे टिंब. शिक्षकांना ही फाइल नोटपॅडमध्ये करता येते. नोटपॅड कधी फाइलच्या सुरुवातीला अदृश्य खूण घालतो आणि ओळीच्या शेवटी जादा वर्ण ठेवतो. पहिली ओळ एका घराने सरकते किंवा उजवीकडे भुताचा स्तंभ येतो. वाचताना दोन्ही काढून टाकायचे.

आकारात खरी अडचण अरुंद मानेची. समईचा दांडा एक घर रुंद ठेवला तर उत्तर तिथून जाणारच, आणि वरचा-खालचा भाग दोन वेगळी कोडी होतात. मान कमीत कमी तीन घरांची हवी. दोन घरे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून असतील तर ती जोडलेली धरत नाही. असा आकार आला की प्रोग्राम त्या घराची ओळ आणि स्तंभ सांगून थांबतो. नुसते ‘चूक’ म्हणणारा प्रोग्राम शिक्षक दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

३ ऑगस्ट

गोल भूलभुलैया. बाहेरच्या कड्यांत जागा वाढत जाते, म्हणून घरांची संख्याही वाढवावी लागते, नाहीतर मध्यभागी सुईसारखी आणि कडेला पाटासारखी घरे येतात. नियम: कड्याचा आतला घेर आधीच्या कड्याच्या घरसंख्येने भागायचा, तो भाग कड्याच्या रुंदीच्या किती पट येतो ते जवळच्या पूर्णांकात घ्यायचे, तितक्या पटीने घरे वाढवायची. मध्य धरून १२ कड्यांना १, ६, १२, २४, २४, २४ आणि पुढे सहा वेळा ४८, एकूण ३७९ घरे. १८० मिमी व्यासात कड्याची रुंदी ७.५ मिमी.

कमानीची भिंत नेहमी बाहेरच्या घराकडून काढावी. आतल्या एका घराला बाहेर दोन शेजारी असू शकतात. आतून काढायला गेल्यास एक उघडा, एक बंद हे एका कमानीत मांडता येत नाही आणि अर्धी भिंत गायब होते. इथे टोक गोल ठेवले आहे, चौकोनी टोक वर्तुळाबाहेर डोकावते.

याच जोडीला सात फेऱ्यांचा अभिजात चक्रव्यूह घातला. दक्षिण गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळला, कुशावती नदीच्या काठच्या जांभ्या दगडावर जी कोरीव चित्रे आहेत (१९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली) त्यांत एक गोल चक्रव्यूह आहे, आणि शाळांच्या सहली तिथे जातात. त्यामुळे ही मागणी येणारच होती. त्याचा जनक वेगळा आहे, कारण यात निवडच नाही: एकच वाट, तिठे शून्य. बाहेरून मोजल्यास फेऱ्या ३, २, १, ४, ७, ६, ५ या क्रमाने लागतात आणि मग मध्य. १८० मिमी रुंदीत वाट साधारण १२ मिमीची येते, पेन्सिल धरायला शिकणाऱ्यांना योग्य. काठिण्याच्या गाळणीतून हा प्रकार वगळला, नाहीतर तिठे शून्य पाहून ती प्रत्येक वेळी नापास करते.

९ ऑगस्ट

उत्तरे. बंद बोळ एकेक करून बुजवत गेले की उरते ते उत्तर. करड्या पट्टीने दाखवू नये: लेझर प्रिंटर करडा रंग ठिपक्यांनी काढतो, झेरॉक्समध्ये ते ठिपके कुठे काळे गोळे होतात, कुठे उडतात. तुटक काळी रेघ, २ मिमी रेघ आणि २ मिमी मोकळे. उत्तर मागच्या बाजूलाही छापू नये; ७० जीएसएमच्या कागदावर खिडकीजवळ धरले की आरपार दिसते. चार उत्तरे एका ए४ वर, अर्ध्या मापात. ९ मिमीचे घर ४.५ चे होते, शिक्षकांना पुरते.

तळटीपेत एक संकेत: घराचे माप, जाळी, पद्धत, बीज, आवृत्ती. उदाहरणार्थ ‘९-२०×२६-खोल-१२०७-आ३’. आवृत्ती लिहिणे आवश्यक, कारण जनक किंवा शेजारी तपासण्याचा क्रम बदलला की जुनी बीजे नवे कागद देतात.

१५ ऑगस्ट

पावसातला कागद. याचा कोडशी संबंध नाही, पण छपाई अडते ती इथेच. उघडी पडलेली रीम दमट हवेत ओल धरते, मग दोन कागद एकदम ओढले जातात, फ्यूजरमधून (टोनर तापवून कागदावर बसवणाऱ्या भागातून) बाहेर येताना कडा वळतात, टोनर नीट भाजला न गेल्याने बोटाला लागतो. रीमचे वेष्टन लागेल तेवढेच फाडावे, उरलेला कागद झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात आडवा ठेवावा, ट्रेमध्ये रात्रभर सोडू नये. भरण्याआधी गठ्ठा पंख्यासारखा फुलवून घ्यावा. वेष्टनावर बाण असतो, तो आधी छापायची बाजू दाखवतो. वळण्याचा त्रास असेल तर ती बाजू पाळल्याने फरक पडतो. तरीही वळत असेल तर गठ्ठा पालटून पाहावा आणि प्रिंटरला मागचे सरळ झाकण असेल तर ते उघडून कागद तिथून काढावा.

इंकजेटवर शाई ओलसर कागदात पसरते आणि ०.६ ची भिंत जाडजूड, केसाळ दिसते. सहा मिमीचा कागद इंकजेटवर काढायचाच झाला तर भिंत ०.५ वर आणावी, आणि छपाई ‘करडी’ किंवा ‘फक्त काळी’ निवडावी. न निवडल्यास काही प्रिंटर काळा रंग तिन्ही रंगीत शायांतून बनवतात.

वीज जाते तेव्हा अर्धवट काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ३०० प्रती एकदम सोडू नयेत, ५० च्या तुकड्या कराव्या.

२० ऑगस्ट

परवाना. प्रोग्राम जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) आवृत्ती ३ खाली. प्रोग्राममधून निघालेल्या कागदाला तो परवाना लागत नाही. ओएफएल टंक पीडीएफमध्ये अंतर्भूत केल्याने कागदावरही बंधन येत नाही. म्हणजे शाळेने छापावा, वाटावा, दुकानदाराने प्रती काढून दोन रुपयांना विकाव्या, हरकत नाही. बंधन आहे ते कोड बदलून पुढे देणाऱ्याला: बदललेला कोडही त्याच परवान्याने द्यावा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या घरातली चित्रे (उंदीर, नेवरी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी) याच प्रकल्पासाठी रेघांत काढलेली आहेत. नेटवरून उचललेले एकही चित्र प्रकल्पाच्या फाइलींत घेऊ नये. ‘मोफत’ लिहिलेल्या चित्राचा परवाना बहुधा कुठेच लिहिलेला नसतो.

२३ ऑगस्ट

आवृत्ती ३ बाहेर. चवथ २७ ला आहे, त्यामुळे शाळांकडे पीडीएफच गेल्या: तीन पायऱ्या, प्रत्येकी १२ कागद, शिवाय उत्तरांची ९ पाने आणि चक्रव्यूहाचा एक कागद. बाहेर काढण्याआधी बीज १ ते १,००० साठी तिन्ही जाळ्यांवर दोन्ही तपासण्या आणि पायथन-ब्राउझर जुळणी चालवली जाते. जुळणी चित्रे ताडून करू नये. भिंतींची यादी ओळीने मजकुरात लिहून तीच ताडावी, फरक कुठल्या घरापासून सुरू झाला ते लगेच दिसते.

उरलेले: चार कागदांच्या जोडणीत शीर्षक फक्त वरच्या दोन पानांवर पसरायला हवे, सध्या ते डाव्या पानावरच कापले जाते. आकारांच्या फाइलमध्ये प्रवेश आणि निर्गमाची घरे ‘प’ आणि ‘न’ अशी खूण करून द्यायची सोय. आणि षट्कोनी घरे, ज्यांत १८० मिमीत किती बसतात हे मोजताना शेजारचे स्तंभ अर्ध्या घराने खाली सरकतात हे विसरू नये, उंचीत अर्धे घर जास्त धरावे लागते.